वझलवार साहेब आणि वांदा

वझलवार साहेब कापूस आणणाऱ्या माणसाच्या तोंडाकडं बघत नसत. गाडी पुढं आली की ते मान खाली घालून यायचे, शर्टाची बाही वर सरकवायचे आणि हात पार खांद्यापर्यंत कापसात खुपसायचे. तळातून मूठभर कापूस काढायचा, गालाला लावायचा, दोन्ही अंगठ्यांनी धागा ओढून पाहायचा आणि जमिनीकडं बघत निकाल सांगायचा. "चालते." नाहीतर "वापस." समोर शेतकरी हात जोडून उभा असे. कोणी टोपी काढून, कोणी बायकोला पुढं करून. साहेबांना ते दिसत नसे. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तोंड पाह्यलं का हात खोटं बोलते, पुसद. म्हणून मी पाहातच नाही."

मी पुसदचा, म्हणून त्यांच्या लेखी माझं नावच 'पुसद'. दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते आणि मी वजनकाट्यावर. कापसाची ती वाईट वर्षं. बाहेरच्या बाजारात भाव पडलेला आणि आमच्या सरकारी केंद्रावर फक्त शेतकऱ्याच्याच कापसाला ठरलेला भाव, त्यामुळं जो तो आमच्याकडं धावायचा. केंद्र ज्या जिनिंग कारखान्याच्या आवारात होतं, त्याच्या फाटकापासून निघालेली गाड्यांची रांग पार बसस्टँडच्या पुढं जायची. लोक गाडीखालीच झोपायचे आणि तिथंच दगड मांडून भाकरी भाजायचे. दिवसच्या दिवस असे काढलेल्या माणसाला 'वापस' म्हणायचं, हे साहेबांचं काम. दिग्रसमध्ये त्यांच्याइतक्या शिव्या दुसऱ्या कोणी खाल्ल्या नसतील. त्यांच्या क्वार्टरच्या दारावर कोणीतरी शेण फेकलं होतं. स्टँडवरच्या न्हाव्याचा भाऊ रांगेतून परत गेला, तेव्हापासून न्हाव्यानं त्यांची दाढी करणं सोडलं. साहेब घरी दाढी करू लागले आणि गालावर कापल्याच्या खुणा घेऊन केंद्रावर येऊ लागले.

मलाही ते आवडत नसत. कोणाची विचारपूस नाही, कोणाच्या घरी जाणं नाही. कोणी तोंडावर शिव्या दिल्या तर म्हणायचे, "दे लेका. पण गाडीपासून दूर सरकून दे, मागचा खोळंबून राह्यला." एवढं मात्र त्यांचे वैरीही कबूल करायचे, की हा माणूस कोणाचा चहासुद्धा घेत नाही. व्यापाऱ्यांनी दिवाळीला पाठवलेले मिठाईचे डबे ते दारातूनच परत करायचे. आपण कोणाला ओळखत नाही, म्हणून आपल्या हातून कोणावर अन्याय होत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. त्या समजावर त्यांचा सगळा ताठा उभा होता.

घर यवतमाळचं. वडील कोर्टात नोकरीला होते, भाऊ मास्तर. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारली होती, मूल नव्हतं. क्वार्टरच्या मागं कडुनिंबाला टांगलेलं एक लाकूड, एवढाच त्यांचा संसार म्हणायचा. रस्ता रुंद करताना आर्णीकडचा एक जुना आंबा पाडला होता. त्याच्या एका फांदीवर वांदा होता. आपल्या रानातलं ऑर्किडच, आंब्याला, मोहाला चिकटून वाढतं ते. जाड पट्ट्यांसारखी पानं आणि हवेत लोंबणारी पांढुरकी मुळं. साहेबांनी मजुराकडून ती फांदी वांद्यासकट कापून घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून आणली. चैत्र-वैशाखात त्याला पिवळट, तपकिरी चौकडीची फुलं यायची, मधे निळसर जीभ. सकाळी त्याच्यावर पाणी शिंपडल्याशिवाय ते केंद्रावर येत नसत. मी तिथं उभा असताना एकदा आपणहून म्हणाले, "याले माती नाही लागत, खत नाही लागत. अन् मुख्य म्हणजे हे रांगेत उभं राहत नाही."

त्या वर्षी पेपरात बातमी आली, की यवतमाळच्या एका कॉलेजच्या वनस्पती उद्यानात संक्रांतीच्या दिवशी ऑर्किडचं प्रदर्शन भरणार आहे. लांबलांबहून झाडं येणार आहेत, इथल्या हौशी लोकांनीही आपली झाडं आणावीत. संक्रांतीला केंद्राला सुट्टी होती. साहेबांनी बातमी मला वाचून दाखवली आणि म्हणाले, "तू चाल संगं. लाकूड जड हाये."

वांद्याला ओलं बारदान गुंडाळून आम्ही दिग्रसहून दारव्हामार्गे जाणाऱ्या गाडीत चढलो. गाडी भरलेली होती, आणि जवळजवळ प्रत्येकजण त्यांना ओळखत होता. कोणी सरकून जागा दिली नाही. साहेब दांडा धरून उभे राहिले. मी लाकूड पायाशी धरून खाली बसलो. खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय हाये बारदानात?"

"वांदा," साहेब म्हणाले.

"वांदा तर तुमी रोजच करता. आज यवतमाळले कायले घेऊन चालले?"

गाडीभर हसू पसरलं. ते हसणं चांगलं नव्हतं. मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्या गाड्या तिथं दवात भिजून राह्यल्या, अन् साहेब फुलं पाहाले चालले." दुसरा म्हणाला, "भिजल्या तर बरंच. वापस कराले सोपं जाते." साहेब खिडकीबाहेर बघत होते. बाहेर वेचणी झालेल्या पऱ्हाटीची शेतं पळत होती. दारव्ह्याला जागा रिकामी झाली तरी ते बसले नाहीत.

उद्यान कॉलेजच्या मागच्या बाजूला होतं. हिरव्या जाळीचा मोठा मांडव, आत जमिनीवर पाणी शिंपडलेलं, त्यामुळं थंडी आणखीच झोंबत होती. तारांना टांगलेल्या टोपल्यांतून जांभळी, पांढरी, शेंदरी फुलं लोंबत होती. काही इतकी मोठी होती, की मला आधी ती कागदाचीच वाटली. शाल पांघरलेल्या बाया आणि स्वेटर घातलेले प्राध्यापक हळू आवाजात बोलत फिरत होते. बाहेरच्या थंड, कोरड्या, धुळकट यवतमाळशी त्या मांडवाचा काही संबंध नव्हता.

छातीवर बिल्ला लावलेल्या एका बाईंनी आम्हाला अडवलं. बारदान सोडल्यावर त्यांचं तोंड वाकडं झालं.

"याला फूल कुठंय?"

"चैतात येईन," साहेब म्हणाले.

"प्रदर्शन आज आहे. आणि हे काय, आंब्यावरचं बांडगूळ ना? असलं तर आमच्या कॉलेजच्या फाटकावरच आहे."

"तुमचं प्रदर्शन जानेवारीत हाये, हे त्याले कोण सांगन?"

बाई हसल्या नाहीत. मांडवाच्या अगदी टोकाला, पाण्याच्या टाकीजवळ एक टेबल होतं, तिकडं त्यांनी बोट दाखवलं. तिथं आपल्याकडच्या रानातली चार-दोन झाडं ठेवली होती आणि माहिती सांगायला कॉलेजातली एक मुलगी उभी होती. तिच्या बिल्ल्यावर 'सुनीता ढोले' असं लिहिलेलं होतं. टेबलापाशी कोणी फिरकत नव्हतं, त्यामुळं आम्हाला बघून तिला आनंद झाला. तिनं लाकूड स्वतः उचलून टेबलावर ठेवलं आणि आम्ही पाहुणे आहोत असं समजून पाठ केलेली माहिती सुरू केली. साहेब सवयीप्रमाणं मान खाली घालून ऐकत होते. मधेच ती थांबली.

"काका, वर बघा ना. मी मुळाबद्दल सांगून राह्यले, तुम्ही माझ्या चपलेकडं बघता."

मला वाटलं, साहेब आता काहीतरी लागेल असं बोलणार. पण त्यांनी खरंच वर पाहिलं. ती सांगत होती, की याला बांडगूळ म्हणणं चूक आहे. बांडगूळ झाडाच्या आत मूळ घालून त्याचं अन्न खातं. वांदा नुसता वर बसतो, पाऊस आणि हवा यांवर जगतो, झाडाचं काही खात नाही. साहेबांनी तिला दोन-तीन प्रश्न विचारले. तिला एकाचं उत्तर आलं नाही, तर तिनं सरळ सांगितलं, "हे मला माहीत नाही, मॅडमला विचारून सांगते." साहेब म्हणाले, "माहीत नाही म्हणते, हे चांगलं हाये." त्यांनी कोणाला चांगलं म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो.

तिच्याजवळ स्टीलचा एक डबा होता. गावाहून वडील सकाळीच तिळाचे लाडू घेऊन आले आहेत आणि आता उद्यान बघत फिरत आहेत, असं ती म्हणाली. तिनं एक लाडू मला दिला, एक साहेबांच्या हातावर ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्याईले कायले दिला?"

तिचे वडील आले होते. उंच, हडकुळे, अंगात धुवून स्वच्छ केलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा. सुनीता म्हणाली, "बाबा, प्रदर्शन बघायला आलेत. त्यांनी स्वतःचं झाड आणलंय. हे नुसतं बसते, खात काही नाही."

"बसते पण खात नाही? मंग साहेबासारखं नाही म्हणाव, साहेब तर बसल्या जागी शेतकऱ्याले खातेत." ते पुढं आले. "हे वझलवार हायेत, पोरी. दिग्रसचे."

ते नाव ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला. त्या घरात हे नाव किती वेळा आणि कोणत्या सुरात घेतलं गेलं असेल, ते तिच्याकडं बघून कळत होतं.

साहेब म्हणाले, "मी तुमाले ओळखलं नाही."

"कसे ओळखान? मी गुणवंत ढोले. दिवाळीनंतर गाडी घेऊन तुमच्यापुढं हात जोडून उभा होतो. तुमी माह्या कापसाले पाह्यलं, माह्या बैलाले बी पाह्यलं. माह्याकडं नाही पाह्यलं."

"कापूस ओला असंन."

"होता ना. घरून निघाला तवा खडखडीत वाळेल होता. तुमच्या रांगेत उभा राहून राहून दवानं भिजला. तुमच्याच दारात ओला झाला, अन् तुमीच वापस केला."

"ओला कापूस घेता येत नाही. नियम हाये."

"मंग पुढचं ऐका." गुणवंतराव आवाज चढवत नव्हते, त्यामुळं ते ऐकणं जास्त जड जात होतं. "गाडी वळवली अन् व्यापाऱ्याकडं गेलो. त्यानं म्हणन त्या भावात घेतला. वरतून माही ताडपत्री बी ठेवून घेतली, मधात निळं ठिगळ हाये तिले. दुसऱ्या हप्त्यात मी बाजाराले आलतो. तुमच्या फाटकापाशी त्याचा ट्रॅक्टर उभा होता, वर माही ताडपत्री. ताडपत्री काढली, तर माहाच कापूस. उन्हात वाळवून आणला होता त्यानं. तुमी हात घातला, गालाले लावला, अन् खाली पाहून म्हणले, चालते."

साहेबांनी तेच सांगितलं, जे ते सगळ्यांना सांगत आले होते. "मी कोणाचं तोंड पाहत नाही. माह्यासाठी सारे सारखे."

"म्हणूनच तर दलालाईचं फावते," गुणवंतराव म्हणाले. "सातबाराचे कागद कोणाचेबी आणता येते. तुमी वर पाहत नाही, हे साऱ्या दिग्रसले ठाऊक हाये. शेतकरी कोण अन् दलाल कोण, हे ज्याले पाहाचंच नाही, त्याच्याकडून काय उमेद ठेवाची?"

"बाबा, इथं नको," सुनीता हळूच म्हणाली.

"काहून? फुलं हायेत म्हणून?"

बिल्लेवाल्या बाई लगबगीनं आल्या. त्यांनी गुणवंतरावांचा दुपट्टा आणि चपला बघितल्या आणि त्यांनाच म्हणाल्या, "जे काय बोलायचं ते बाहेर जाऊन बोला. इथं लोक प्रदर्शन बघायला येतात."

"हे नाही जाणार," साहेब म्हणाले. "मी जातो."

त्यांच्या तळहातावर लाडू तसाच होता. तो त्यांनी सुनीताच्या डब्यात परत ठेवला आणि तिला म्हणाले, "बाप म्हणते ते बरोबर हाये, बाई." ती लाकडाकडं बघत म्हणाली, "झाड राहू द्या, काका. मी लक्ष ठेवीन." पण गुणवंतराव म्हणाले, "घेऊन जाऊ दे त्याईले." मी बारदान गुंडाळलं आणि आम्ही तो हिरवा मांडव ओलांडून बाहेर पडलो. इतकी फुलं होती, पण मी एकही नीट बघितलं नव्हतं.

परतीच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. दारव्हा गेल्यावर साहेबांनी विचारलं, "पुसद, हे व्यापाऱ्याचं तुले ठाऊक होतं?"

"साऱ्याईले ठाऊक होतं, साहेब. पहिल्या वर्षी काट्यावरच्या जुन्या माणसानं तुमाले सांगतलं होतं. तुमी म्हणले, नावं नको सांगू, मले नावं ऐकाची नाहीत."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पुढं आली. साहेबांनी हात घालण्याआधी मान वर केली आणि गाडीवानाला विचारलं, "नाव काय? शेत कुठं हाये?" तो माणूस इतका दचकला, की त्याला आपल्या गावाचं नाव लवकर सांगता येईना. मी काटा सोडून बघत राहिलो. त्या दिवसापासून त्यांनी आणखी एक गोष्ट सुरू केली. ऊन उतरलं की खडूचा तुकडा घेऊन ते रांगेच्या शेपटापर्यंत चालत जायचे. नव्यानं आलेल्या प्रत्येक गाडीत तिथंच हात घालायचे आणि कापूस कोरडा असला तर गाडीच्या फळीवर खूण करायचे. मग ती गाडी दवात कितीही भिजो, पुढं आल्यावर ते ती परत पाठवत नसत. आवारात पसरून कापूस वाळू द्यायचे आणि घ्यायचे. वरचे अधिकारी विचारू लागले, की हे कोणत्या नियमात बसतं? साहेब म्हणायचे, "नाही बसत."

लोक यामुळं खूश झाले, असं कोणाला वाटेल. झाले नाहीत. आता हा तोंड बघून पैसे मागणार, असं रांगेत पहिल्याच दिवशी बोललं गेलं. पैसे मागितले नाहीत, तेव्हा म्हणू लागले, की याच्यावर चौकशी लागली असेल म्हणून सोंग करतो. शिव्या चालूच राहिल्या. फक्त आता साहेब त्या देणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ऐकायचे.

व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर आला, तेव्हा मी जवळच होतो. साहेबांनी ट्रॅक्टरवरच्या माणसाला विचारलं, "कोणत्या शेतातला हाये?" त्यानं कागद पुढं केले.

"कागद नाही विचारले. शेताच्या धुऱ्यावर कोणतं झाड हाये तुह्या?"

त्याला सांगता आलं नाही. साहेब म्हणाले, "वापस." त्या वेळी त्यांनी कापसाला हातही लावला नाही. थोड्या वेळानं व्यापारी स्वतः आला. त्यानं शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाला, "साहेब, दिग्रसचं पाणी तुमाले मानवून नाही राह्यलं वाटते."

हंगाम संपत आला, तेव्हा गुणवंतराव ढोले गाडी घेऊन आले. शेवटच्या वेचणीचा कापूस, किडका आणि पिवळा पडलेला. आजूबाजूचे लोक सरकून उभे राहिले; यवतमाळची गोष्ट रांगेत पसरली होती. साहेबांनी हात घातला, मूठ बाहेर काढली आणि त्यांच्याकडं बघून म्हणाले, "किडका हाये, गुणवंतराव. हा नाही चालत."

गुणवंतरावांनी त्यांच्या मुठीतला कापूस घेतला, चिवडून बघितला. मग म्हणाले, "हाये," आणि बैल वळवले. त्या दिवशी त्यांनी शिवी दिली नाही.

हंगाम संपायच्या आत साहेबांची बदली चंद्रपूरकडच्या एका केंद्रावर झाली. निरोप समारंभ वगैरे काही झालं नाही. निघायच्या दिवशी मी एकटाच त्यांची पेटी घेऊन स्टँडवर गेलो; वांद्याचं लाकूड साहेबांनी स्वतःच उचललं होतं. गाडी लागली होती, तेवढ्यात गुणवंतराव समोरून तरातरा येताना दिसले. बदलीची बातमी गावात पोचली होती. मला वाटलं, ते निरोप द्यायला आले. पण ते भांडायलाच आले होते.

"हे काही बरोबर नाही केलं तुमी," ते म्हणाले. "खडूची खूण सुरू कराची, लोकाईले सवय लावाची, अन् मधातच निघून जायाचं."

"बदली हाये. माह्या हातात नाही."

"तुमच्या हातात कवाच काही नसते. आता नवा साहेब येईन, तो काय रांगेत पायी फिरणार हाये? त्या दलालाले मोकळं रान झालं पुन्हा." बोलता बोलता त्यांनी माझ्या हातातली पेटी ओढून घेतली आणि गाडीच्या मागच्या शिडीवर चढले. वरून त्यांचं बोलणं चालूच होतं. "इतके वर्ष डोळे मिटून बसले. उघडले तवा चालले." पेटी नीट आडवी ठेवून त्यांनी ती दोरीनं करकचून बांधली, ओढून पाहिली आणि खाली उतरले.

साहेब वांदा पायाशी धरून खिडकीशी बसले होते. ते म्हणाले, "नवा येईन, त्याच्यासंगं बी असंच भांडजा."

"ते तुमी नोका सांगू," गुणवंतराव म्हणाले.

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी धूर सोडत दारव्हा रस्त्याला लागली. गुणवंतरावांनी हात केला नाही, रामराम म्हटलं नाही. दुपट्ट्यानं तोंडावरची धूळ पुसली आणि मला विचारलं, "नवा साहेब कवा येते?"